मधोमध ठिपका

डाग मॉनिटरवर आहे, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. आमचा मॉनिटर होताही तसा जुना. मागे भलं मोठं पोट, सुरू करताना धप्प आवाज, एका कोपऱ्यात हिरवट झाक. इंदिरानगरच्या आमच्या घरात बसून मी एका छापखान्यासाठी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. बारा वर्षांत माझ्या कामात चूक निघाली नव्हती. त्या महिन्यात तीनदा निघाली. जे अक्षर वाचायला जावं, तेच नेमकं करड्या डागाखाली जायचं. आजूबाजूच्या ओळी वाकायच्या.

"मॉनिटर गेलाय," मी ह्यांना म्हटलं.

तोच डाग समईच्या ज्योतीवरही दिसला होता. मी काजळी म्हणून वात झटकली आणि तिकडे परत बघितलं नाही. ह्यांना काय सांगणार? पौषात ह्यांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली. मनाला ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग सपाट घेऊन टाकू," हे म्हणाले. "हल्ली सगळे तोच घेतात. टेबलावर जागा तरी होईल."

कॅनडा कॉर्नरच्या चौकात दिनेशचं दुकान आहे. हा ह्यांचा शाळेतला विद्यार्थी. रिक्षात बसल्यापासून माझा जप चुकत होता. नव्या पडद्यावर डाग दिसला नाही तर मी सुटले. आणि दिसला तर? त्याच्या पुढे मन जात नव्हतं.

दिनेशने सतरा इंची मॉनिटर खोक्यातून काढून जोडला.

"काकू, सपाट घेताना एक बघून घ्यायचं. ह्यात बारीक बारीक लाखो ठिपके असतात. एखादा मेलेला असला तर तिथे काळं दिसतं. मी पडदा पूर्ण पांढरा करतो, तुम्ही नीट बघा. आत्ताच सांगा, घरी नेल्यावर नको."

पडदा पांढराशुभ्र झाला. मधोमध डाग होता.

"आहे," मी म्हटलं. इतकं हळू की दिनेशला ऐकूच गेलं नाही.

"ती म्हणतेय डाग आहे," हे म्हणाले. "काय रे दिनेश, फुटका माल मास्तरांच्या गळ्यात बांधतोस?"

"सर, सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडलं ना!"

त्याने दुसऱ्या कंपनीचा लावला. मी डोळे मिटले, सूर्यनारायणाचं नाव घेतलं आणि उघडले.

"ह्यातही आहे."

"तुझ्या वहीत पण असेच डाग असायचे," हे दिनेशला म्हणाले. "शाईचे."

"सर, ती वही तुम्ही फाडली होती. आता मॉनिटर फाडू नका म्हणजे झालं."

दोघंही हसले. मी पदर मुठीत घट्ट धरून उभी होते. दिनेशने एकोणीस इंची मोठा मॉनिटर काढला, रुमालाने पुसला, काचेला नाक लावून बघितला.

"मला तर काही दिसत नाही. काकू, डागावर बोट ठेवून दाखवता?"

मी बोट नेलं. डाग पुढे सरकला. परत नेलं, परत सरकला. मग बघितलं तर माझ्या बोटाचं टोकच नव्हतं. घाबरून मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांचे कान दिसले, टक्कल दिसलं, सदऱ्याची गुंडी दिसली. मधला चेहरा नव्हता.

एक डोळा झाकला. नाही. दुसरा झाकला. तरी नाही.

तोवर दिनेशने माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला होता. "तिन्ही नग परत पाठवतोय, साहेब. तिन्हीत मधोमध डाग. आमच्या काकू खोटं बोलतील का?"

रोजच्या माझ्या नेमांत एक नेम खोटं न बोलण्याचा आहे. महिनाभर तो मी मोडत होते, आणि आता माझ्यामुळे दुसरा कोणीतरी चोर ठरत होता.

"दिनेश, थांब," मी म्हटलं. "मॉनिटर चांगले आहेत. डाग माझ्या डोळ्यांत आहे."

हे स्टूल ओढून बसले. ह्यांचा हात छातीकडे गेला आणि माझं धाबं दणाणलं.

"कधीपासून?"

"रथसप्तमीनंतर."

"काय केलंस तेव्हा?"

मग सांगावंच लागलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा सूर्याला नवस बोलले होते. रथसप्तमीपासून रोज अर्घ्य द्यायचं आणि एकशे आठ नावं पापणी न लवता, त्याच्याकडे बघत म्हणायची. समोरच्या इमारतीमुळे आमच्या गच्चीवर सूर्य उशिरा येतो. येतो तेव्हा चांगला तापलेला असतो. डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं भक्तीचं आहे.

"माझ्यासाठी?" हे म्हणाले. मग म्हणाले, "मूर्ख."

रागावले नव्हते.

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा मधोमध भाजलाय. चार-सहा महिन्यांत थोडं भरून येईल, कदाचित नाही. "आणि सूर्याकडे बघणं आजपासून बंद."

जिन्यात मी ह्यांची बाही धरली.

"अहो, मी सोडलं आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मग सकाळी गोळ्या कशाला देतेस मला? त्याही बंद कर."

"थट्टा नको."

"बरं. अर्घ्य दे, पण खाली बघून दे. नवस मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर. आणि मॉनिटर तो मोठाच घेऊ. अक्षरं केवढाली करता येतात, दिनेशने दाखवलं मला."

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून पाणी सोडलं. धार कुठे पडतेय ते दिसेना; अर्धं पायांवर सांडलं. नावं म्हणून झाली तेव्हा हे फिरायला निघाले होते. मी नको म्हणाले, तरी चप्पल घालून गेले.

मी दारात बसून राहिले. बागेपर्यंत जाऊन यायला पाऊण तास लागतो. शेजारच्या लताबाई भाजी घेऊन आल्या, काहीतरी बोलून गेल्या; काय ते मला कळलं नाही. गल्लीच्या टोकाला माणसं दिसत होती, पण जिथे बघावं तिथला चेहरा पुसलेला. प्रत्येक जण म्हणजे हेच असं वाटत होतं आणि कोणीच हे नव्हते.

मग फाटकाची कडी वाजली.

"अजून इथेच?" हे म्हणाले. "चहा टाक."

मी उठले, चहा टाकला. उद्याही हे फिरायला जाणार आहेत.