पियानोवरची मखमल

सोमजाईची पालखी अंगणात टेकली आणि सहदेव उतेकराने हात जोडले. जोडलेले हात तसेच राहिले. पालखीवरून खाली सुटलेली किरमिजी मखमल, तिची चार बोटं रुंद सोनेरी झालर, आणि डाव्या कोपऱ्यात टाके तुटून लोंबणारं तिचं टोक हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. ते टाके तुटले तेव्हा तो हजर होता.

"काय रे बोटवाल्या, देवीला बघून गार पडलास?" महिपत म्हणाला. महिपत मुंबईला कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरायचा आणि शिमग्याचे आठ दिवस पिंपळकोंडचा मालक व्हायचा. त्याने झालर चिमटीत धरून चारचौघांना दाखवली. "इंपोर्टेड हाय. मी हात लावला तवाच बोललो, ये इधर का माल नहीं. तुझ्या बायकोने गावाचं नाव काढलं."

सहदेवाची आई धोंडूबाई चाचपडत पुढे आली. मोतीबिंदूने तिला देवी दिसत नव्हती. कापड हाताला लागलं. तिने त्यावर कपाळ टेकलं, मग त्यालाच डोळे पुसले, मग त्याचा मुका घेतला. सहदेवाने दुसरीकडे बघत देवीपुढे नारळ ठेवला.

तो त्याच सकाळी पोलादपूरला एसटीतून उतरला होता. दहा महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला इतक्या लवकर शिक्षा व्हावी, असं त्याने काही केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण ते दुसरीकडे.

सहदेव बोटीवर नेमकं काय करतो याबद्दल वाडीत तीन मतं होती. कोणी इंजिनियर म्हणायचे, कोणी कप्तानाचा उजवा हात. मैना, त्याची बायको, सुपरवायझर म्हणायची. सहदेव खोटं कधीच बोलला नव्हता. विचारलं की 'मशीनवर हाय' सांगायचा. मशीन होतंच. ते कचरा जाळायचं होतं.

बोट चौदा मजल्यांची. वरच्या मजल्यांवर पाहुणे, गालिचे आणि गाणं. खालच्या मजल्यांना खिडक्याही नव्हत्या. खाली एक लांबच लांब बोळ होता, त्याला खलाशी कुठल्याशा अमेरिकन हमरस्त्याचं नाव घेऊन 'नाइंटी फाइव्ह' म्हणत. डोक्यावर पाइप, पायाखाली ओल, आणि दिवसरात्र ढकलगाड्या. वरची माणसं दिवसातून सहा वेळा जेवत आणि निम्मं टाकत. टाकलेलं त्या बोळातून सहदेवाकडे येई: अख्खे केक, त्यांवर कोणाकोणाला शुभेच्छा; माणूसभर लांबीचे मासे, एकाच बाजूने खाल्लेले; त्यात रुतलेल्या सिगारेटी. हातमोजे घालून त्यातून काटे, चमचे आणि कधी एखादी कवळी वेगळी काढायची, उरलेलं दळायचं आणि किनारा बारा मैल मागे पडला की समुद्रात सोडायचं. ज्या घरात पत्रावळीवरचं शीत बैलाच्या घमेल्यात जातं, त्या घरातला हा माणूस पहिला महिनाभर भात खाऊ शकला नव्हता. आणि समुद्र म्हणाल, तर त्याने बोटीवर पाहिला त्याहून जास्त महाडच्या न्हाव्याकडच्या कॅलेंडरवर पाहिला होता.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, बोटीवर ओकाऱ्यांची साथ आली. तीन दिवसांत चारशे माणसं. खाली लाल पिशव्या येऊ लागल्या. लाल पिशवी उघडायची नाही, जाळायची. मग एका संध्याकाळी माणसं कमी पडली म्हणून सहदेवालाच वर बोलावलं. सहा वर्षांच्या नोकरीत वरचा दिवाणखाना त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिला: झुंबरं, आरसे, मखमल पांघरलेला काळा पियानो, आणि त्यावर ओणवी झालेली, मोत्यांची माळ घातलेली एक म्हातारी. आजीने काम अर्धवट सोडलं नव्हतं. सहदेवाने मखमल ओढली तेव्हा झालर त्याच्याच बुटाखाली येऊन कोपरा उसवला. वरिष्ठाने खालच्या मजल्याकडे बोट दाखवलं. म्हणजे जाळ.

सहदेवाने जाळली नाही. भट्टीसमोर उभं राहून त्याने तिचा पोत दोन बोटांनी पाहिला आणि त्याचा हात पुढे होईना. चांगलं कापड जाळायचं ते घरात माणूस गेल्यावर, एवढंच त्याला शिकवलेलं. लाँड्रीतल्या फिलिपिनो दोस्ताने ती औषध टाकून कढत पाण्यातून तीनदा काढली. वास गेला. सहदेवाच्या नाकातला तेवढा राहिला. त्यानंतरच्या सुट्टीत त्याने ती मैनाला दिली, विकत घेतली म्हणून सांगितलं, आणि मैनाने ती टीव्हीवर घातली.

ती टीव्हीवरच राहिली असती. पण गेल्या पावसाळ्यात उंदरांनी पालखीचं जुनं कापड कुरतडलं, कुशाबा गुरव दारोदार फिरला, आणि मैनाने टीव्ही उघडा केला. त्याबद्दल यंदा पालखीची वस्ती उतेकरांच्या घरी आली. वस्ती म्हणजे एक रात्र देवी घरात राहते. वाडीच्या टोकाच्या या शेवटच्या घरात ती सहदेवाच्या बापाच्या हयातीत आली नव्हती, आज्याच्याही नाही.

उन्हं कलली तेव्हा मैना मागच्या दारी तीस माणसांचं पातेलं घासत होती. नवं लुगडं, नाकात नथ आणि कोपरापर्यंत राख.

"मैना, ते कापड देवीला कोणी दिलं?"

"मी दिलं. टीव्हीला काय थंडी वाजत हुती?" हे तिचं सबंध वाडीला सांगून झालं होतं, दरवेळी लोक हसत.

"मला इचारायचंस तरी."

"कवा? दुकानातल्या फोनवर म्हैन्याला दोन मिन्टं बोलता, त्यात दीड मिनिट 'आवाज येतोय का'."

सहदेव पायरीवर बसला. त्याने पियानोचं सांगितलं, आजीचं सांगितलं. मैनाचा हात पातेल्यात थांबला.

"वकली म्हंजे, जराशी?"

"नाय. पोटभर."

"आन् तुमी तितं काय करत हुतात?"

"जाळायला गेलो हुतो."

"मशीनवर सुपरवायजर हाव ना तुमी?"

"कचऱ्यावर हाय. पयल्यापासनं."

मैनाने पातेलं पालथं घातलं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली, जणू ते आत्ताच कोणीतरी बाहेरून आणून लावले होते.

"आन् ते साबण आणता, बारके?"

"साबण कोरे हायत," सहदेव म्हणाला. बरेचसे होते.

ती उठली, तांब्यातलं पाणी तोंडात घेऊन तिने तीनदा चूळ भरली. "पोरांनी त्येला तोंडं पुसलीत. मी कुंकवाचं बोट पुसलंय."

"तीनदा धुतलंय गो. दोन वर्सं झाली. जंतू कवाच मेले."

"माझ्या पोटात नाय मेले."

"ऱ्हाऊ दे मग तसंच. कोणाला काय म्हाईत?"

"मला म्हाईत झालं ना आता. ती आत बसलीय माज्या घरात, आन् मी तिला त्ये पांघरून ठेवू?"

"काढलंस तर मान जाईल आपला."

"आवो, मान तिचा जातोय का माजा, त्ये बगा आधी." ती पुन्हा पातेल्यापाशी बसली. "माजा लग्नाचा शालू हाय पेटीत. त्यो घालायचा. आन् कोणाला एक अक्षर सांगायचं नाय. सांगितलं तर सगळी वाडी वकंल, आन् आत्याबाय मरंल, मुका घेतलाय तिनं त्येचा."

देवीला हात लावायचा अधिकार फक्त गुरवाचा, म्हणून कुशाबाला सांगणं भाग होतं. कुशाबा ओटीवर भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. त्याच्या खांद्यावर हातभर किरमिजी मखमल होती. पालखीला पुरून उरलेला तुकडा, पुजाऱ्याचा हक्क.

सहदेवाने आजूबाजूला पाहून दबक्या आवाजात सगळं सांगितलं. कुशाबा मळायचा थांबला. मग त्याने खांद्यावरचा तुकडा दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तसा उचलून जोत्याखाली सोडला.

"चार दिस मी ह्याला जेवून हात पुसतोय," तो म्हणाला.

"मला काय म्हाईत, कुशाबादादा?"

"तोंड पन पुसलंय." तो बाजूला जाऊन थुंकला, परत आला, परत जाऊन थुंकला. मग त्याच्यातला धर्म जागा झाला. "सकाळी बदलतो. पन लोकांनी इचारलं तर मी गप. गुरवाने आसलं कापड घातलं म्हटल्यावर माजी पूजा ऱ्हाईल का? तुमच्या घरात बदललं, तुमी निस्तरा."

उजाडायला कुशाबाने शालू घातला. मैना दारापाशी उभी राहून सांगत होती, पदर कुठल्या बाजूला घ्यायचा ते. सहदेव मखमलीची वळकटी आणि कुशाबाचा तुकडा घेऊन मागच्या वाफ्यावर गेला. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि फांद्या रचून राब भाजायला तयारच होता. शिमग्याच्या दिवसांत वाडीत कोणाच्या ना कोणाच्या वाफ्यातून धूर निघतो, कोणी मान वळवून बघत नाही. त्याने मखमल मधल्या थरात दाबली, वाऱ्याची दिशा बघून कड पेटवली, आणि आठ वर्षांच्या सवयीने काठीने ती खालून वर, खालून वर परतत राहिला. मखमल सुती निघाली, भुरकन गेली. झालर मात्र जळेना. ती वितळली, काठीला चिकटली आणि काळी गुठळी होऊन वाफ्यात पडली. वास तोच होता, भट्टीतला. नोकरीतलं एक राहिलेलं काम सहदेवाने दोन वर्षं उशिरा पुरं केलं.

आठच्या सुमाराला ढोल घेऊन माणसं जमली. पालखी बाहेर निघाली आणि ढोल आपोआप हळू झाला.

महिपतने सवयीने पदर चिमटीत धरला. "हा तर जुना माल हाय. घडीवर विरलाय पन. मखमल कुठाय?"

कुशाबा आभाळात पावसाची चिन्हं शोधू लागला. मार्च महिना होता.

"मी काढून घेतली," मैना म्हणाली.

"का?"

"घेतली."

"देवीला दिलेलं परत?" महिपतने सगळ्यांकडे बघितलं. "आमच्या दुकानात पन आठ दिवसांनी रिटर्न घेत नाय."

"टीव्हीला थंडी वाजली आसंल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि अंगणभर हसू पसरलं. तिचाच विनोद, हसणारेही तेच.

सहदेवाने तोंड उघडलं. मैनाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि पालखीच्या दांडीखाली जाऊन खांदा दिला. तेवढ्यात महिपतने खिशातली वही काढून पुढच्या वर्षीची वस्ती सरपंचांकडे लिहून टाकली. कोणी हरकत घेतली नाही.

रीतीप्रमाणे मैना कळशी घेऊन आली आणि पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालू लागली. महिपतच्या पायावर घातलं, कुशाबाच्या घातलं. सहदेवापाशी आल्यावर तिने आधी त्याचे हात पुढे करायला लावले. ते राखेने काळे होते. तिने त्यांवर पाणी घातलं, स्वतःच्या हाताने चोळले, आणि मग पायांवर उरलेलं रिकामं केलं.

शालूचा पदर सहदेवाच्या गालाला लागत होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

धोंडूबाई दाराच्या चौकटीला धरून पुढे आली. तिने चाचपून पदर हातात घेतला, कपाळाला लावला, डोळे पुसले.

"मैना, देवीचं वस्त्र आज खरखरीत लागतंय गो," ती म्हणाली. "कालचं कसं मऊ हुतं."

"व्हय आत्याबाय," मैना म्हणाली. "कालचं मऊ हुतं."