अर्लिसकडचा बोल्ट

बनायच्या बंद झालेल्या रायफलींचे सुटे भाग विकायचे म्हणजे उतारवयातल्यांच्या सोयरिकी जुळवण्यासारखं आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या केंटकीतल्या खोऱ्यात, मैदानावर जुना बाजार भरतो. तिथे नवऱ्यामागे त्याचं टेबल मी चालवते. सिगारच्या खोक्यांत स्प्रिंगा, पिना, बोल्ट. गिऱ्हाईक येतं आणि रायफलीवर छापलेलं नाव सांगतं. मी म्हणते, बाबा, ते दुकानाचं नाव, मला कारखान्याचं हवं. एकाच कारखान्याची रायफल दहा दुकानांनी दहा नावांनी विकली, आणि लोक जन्मभर दुकानाच्या नावाने भाग शोधत बसतात.

व्हर्लिन कोम्ब्स त्यातला नव्हता. त्याला कारखाना ठाऊक, साल ठाऊक. अकरा वर्षं तो एकच गोष्ट विचारत होता.

"नेव्हा, आला का गं माझा बोल्ट?"

"आला असता तर तुझं तोंड बघत बसले असते का?"

रायफल त्याच्या बापाची. पॉइंट टू-टू, एका वेळी एकच गोळी भरायची. बाप गेला तेव्हा आईने वाटणी केली. रायफल थोरल्या व्हर्लिनला आणि तिचा बोल्ट धाकट्या अर्लिसला. बोल्ट म्हणजे गोळी नळीत बंद करणारा, मागेपुढे सरकणारा दांडा; त्याच्याशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी. दोघांना एकमेकांकडे यावंच लागेल, असा म्हातारीचा डाव होता, आणि तो चाललाही. अर्लिस मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात गेला, पण खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बोल्ट खिशात घालून न चुकता यायचा.

एका वर्षी वाटेत त्याची गाडी बिघडली. व्हर्लिनला दम निघेना. सकाळी शेजाऱ्याची बंदूक घेऊन तो रानात गेला. अर्लिस दुपारी पोचला तेव्हा ताटात खारीचा रस्सा वाढलेला. तो दारातच थांबला, खिशावर हात ठेवला आणि न जेवता परत फिरला. बस्स. एवढ्यावरून दोन भावांनी एकोणीस वर्षं बोलणं टाकलं. गाढवं दोघंही.

"मेल्या, एक फोन कर," मी दर वेळी सांगायचे.

"पाठ त्याने फिरवली. फोन त्याने करावा."

मग जुलैत एक म्हातारा बंदूक-मिस्त्री वारला आणि त्याची खोकी मी उचलली. तिसऱ्याच खोक्यात अगदी तसलाच बोल्ट. मी रॉकेलमध्ये धुतला, खूण पडताळली. पोरीचं लग्न ठरल्यासारखी मी घरभर फिरत होते.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, हंगाम तोंडावर असताना, व्हर्लिन रायफल घेऊन आला. बोल्ट आत सरकला, मूठ खाली पडली, अगदी चपखल. रिकाम्या नळीवर चाप ओढायचा नसतो. या रायफलींची सुई काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसलं तर नळीचा काठच ठेचते. म्हणून तो बोल्ट नुसताच मागेपुढे करत राहिला. बराच वेळ. मग त्याने तो काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"नको."

"आता काय धाड भरली?"

"हा बसला की अर्लिसचं काम संपलं, नेव्हा." त्याने बोल्ट माझ्याकडे सरकवला. "मला वाटायचं मला बोल्ट हवाय. मला अर्लिस हवाय गं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. "मग इथे माझं डोकं काय खातोस? जा की त्याच्याकडे!"

रायफल घोंगडीत गुंडाळून तो तिथूनच निघाला. मिशिगनपर्यंत दिवसभराची वाट.

सप्टेंबरच्या शनिवारी तो आला, तो हात हलवत.

"रायफल कुठाय?"

"अर्लिसकडे ठेवली." तो माझ्या खुर्चीत बसला. "दार त्यानेच उघडलं. रायफल बघितली, आत गेला, बोल्ट घेऊन आला. तेलाच्या फडक्यात ठेवलेला. गंजाचा ठिपका नाही गं. त्याची बायको म्हणाली, दर रविवारी पुसतो."

"बोलला काय?"

"काही नाही."

"अजून राग धरून बसलाय?"

"वाचा गेलीय त्याची. मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. डाव्या हाताने बोल्ट बसवत होता. तीनदा चुकला. मी मदत केली नाही, त्याला आवडलं नसतं."

मी त्याला कॉफी ओतून दिली. त्याने ती तशीच धरून ठेवली.

"एकोणीस वर्षं फोन वाजायची वाट बघत होतो, नेव्हा," तो म्हणाला. "त्यातली अठरा तो बोलू शकत होता."