पिशवीसकट

“पिशवीला पिशवीच म्हणायचं. ‘पोटाचा त्रास’ असं गुळमुळीत बोललात, तर समोरची बाई आणखी घाबरेल,” संस्थेतल्या जुन्या अख्तरबानूंनी मला व्याख्यान द्यायला शिकवताना बजावलं होतं. आतड्याच्या कॅन्सरमधून उठलेल्या, पोटावर पिशवी बाळगणाऱ्या आम्ही बायका एका संस्थेतर्फे व्याख्यानं देत हिंडतो. मानधन नाही.

त्या दिवशी कर्वेनगरच्या एका भगिनी मंडळात मी बोलणार होते. संस्थेने मुद्दाम येरवड्याच्या तुळजाबाईंना तिथे बोलावलं होतं. सोमवारी त्यांचं आतड्याचं ऑपरेशन, आणि त्या नाही म्हणून बसलेल्या. पोटावर पिशवी आली की सासू देवघराला शिवू देणार नाही, ही एकच धास्ती.

अध्यक्षा शर्मिलाताईंनी समईपाशी नेऊन माझ्या हातात पेटती मेणबत्ती दिली. मग हळूच विचारलं, “आपला आजार नेमका कसला हो?”

मी सांगितलं. मळ पोटावरच्या पिशवीत जमतो.

“म्हणजे, आत्तासुद्धा?”

“हो. चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही.”

त्या गोड हसल्या आणि लहान मुलाच्या हातातून कात्री काढावी तशी मेणबत्ती काढून घेतली. “दमला असाल, बसा तुम्ही.” समई त्यांनीच लावली. बाकीच्या सोफ्यावर, मला चार हात लांब प्लास्टिकची खुर्ची.

सात वर्षं मी रोज पहाटे पिशवीसकट अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करते. गणपतीने एकदाही लांब बसायला सांगितलं नाही. पण तो बिचारा कुठल्या मंडळाचा अध्यक्ष नाही.

मी बोलले, स्पष्ट बोलले. पहिल्या रांगेने नाकाला पदर लावले. वास येत नव्हता. शब्दालाच येत असावा. दहाव्या मिनिटाला चिठ्ठी आली: ‘आटोपतं घ्या, चहा निवतोय.’

तेवढ्यात तुळजाबाई उठून निघाल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“तुमचं पटलं ओ बाई,” त्या म्हणाल्या. “पण मेणबत्ती काढून घेतली, ते बी बघितलं. शिकलेल्या बाया असं करत्यात, माझी सासू तर जुनी हाय.”

खरंच होतं. माझ्या दहा मिनिटांपेक्षा शर्मिलाताईंचं चार सेकंदांचं व्याख्यान प्रभावी झालं होतं.

“सासूबाई पूजा किती वाजता करतात?”

“आठला. का?”

“उद्या मी येते. त्यांना सगळं सांगते आणि त्यांच्यादेखत तुमच्या देवांची पूजा करते.”

“हाकलतील तुम्हाला.”

“हाकलू देत. नाही हाकललं, तर मात्र तुम्ही सोमवारी ऑपरेशनला जायचं.”

“आधी या तर,” म्हणून त्या उतरून गेल्या.

वर शर्मिलाताई चहा देत होत्या. मला कागदी कपातून. “छान बोललात. पुढच्या वेळी जरा प्रसन्न विषय घ्या ना!”

“गुडघेदुखी घेते,” मी म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी बदलली, स्नान केलं, आवर्तनं पूर्ण केली. परडीत जास्वंद आणि दूर्वा घेतल्या. हे अजून झोपले होते. दार हलकेच ओढून घेतलं आणि येरवड्याच्या बससाठी निघाले.