गिरणीतल्या लेकराचे कान

पाचवीच्या दिवशी शेजारच्या विमलनं पाळण्याजवळ काशाची थाळी वाजवली आन् माझा नातू ढिम्म हलला न्हाय.

आमच्या घरात रीतच हाय. पाच दिसाच्या लेकराजवळ थाळी वाजवायची, म्हंजी ते फुडं आवाजाला भेत न्हाय. लेकरू दचकतं, भोकाड पसरतं, बाया हसत्यात, झालं. विमलनं एकदा वाजवली, दोनदा वाजवली. तिसऱ्यांदा तर थाळी फुटती का काय असं वाटलं. लेकरू मुठी आवळून गाढ झोपलेलं.

"धुरपताबाई," विमल म्हणली, "याला ऐकू येतंय ना? नऊ महिने सुनंला गिरणीवर बसवली तुमी. त्या घरघरीनं पोटातच कान गेले असतील लेकराचे."

"तुझ्या तोंडात माती!" म्या म्हणलं. तिच्या हातातली थाळी हिसकून घेतली आन् चहा न पाजता तिला वाटंला लावली. पण मन थाऱ्यावर राहिलं न्हाय.

कारण ती म्हणली ते खरंच व्हतं. पिठाची गिरणी माझी. आमचे मालक वारल्यापासनं ईट गावात बारा वर्सं मीच चालवते. घर आन् गिरणी एका भिंतीला लागून. औंदा माझे गुडघे धरले, तवा सूनबाईला, मोनिकाला, बसवली. तिची आई लहानपणीच वारलेली, माहेरी न्यायला कुणी न्हाय. सातव्या महिन्यात एकदा म्हणली, "आई, आज पडू का जरा?" मी केवढ्यानं तरी वरडले तिच्यावर. "आमी काय लेकरं काढली न्हाईत व्हय?" बिचारी गप उठली आन् डबे मोजायला लागली.

आता त्या वरडण्याचं मला लई वाईट वाटाय लागलं. चार दिस म्या चोरून लेकराची परीक्षा घेतली. पाळण्याखाली पातेलं आपटलं. डब्याचं झाकण वाजवलं. एकदा तर कागदी पिशवी फुगवून फोडली. दारातलं कुत्रं पळून गेलं, लेकरू जागचं हललं न्हाय. मोनिका अंथरुणातनं बघायची. पीठ चाळताना माझ्या डोळ्याला पाणी यायचं. कुणी विचारलं तर पीठ गेलं म्हणायची.

धाव्या दिवशी माझा सुरज म्हणला, "आई, बास झालं. धाराशिवला लेकराचे कान तपासायची मशीन हाय. चला." त्यानं शेजाऱ्याची जीप आणली आन् आमी निघालो. वाटंत म्या तुळजाभवानीला सांगितलं, लेकराचे कान ठीक असूंदे, मी खणानारळानं वटी भरीन तुझी. आन् सुनंला परत कधी वरडणार न्हाय, हे बी कबूल केलं.

दवाखान्यातली ती खोली एवढी गप व्हती की माझंच डोकं गरगराय लागलं. जाड दार, पंखा बी बंद. सिस्टर म्हणली, "बाळ झोपलं पाहिजे, मग कानात ही बारीक नळी घालून तपासता येतं."

पण झोपंल तर शप्पथ! घरी थाळ्या वाजवल्या तर उठत न्हाय, आन् इथं टाचणी पडल्याचा आवाज न्हाय तर डोळा लागंना. मोनिकानं पाजलं, थोपटलं, खांद्यावर घेतलं. एक तास झाला, दीड तास झाला. लेकरू रडून लालबुंद.

सिस्टर घड्याळ बघून म्हणली, "आज काही होत नाही. पुढच्या आठवड्यात आणा."

आणखी आठ दिस? माझा ताबाच सुटला. "फुडच्या आठवड्यात? आन् तवर मी जीव मुठीत धरून बसू व्हय? ए सुरज, दाराआड उभा राहून दात काय कोरतोस? आन् तू गं मोनिके, असं धरत्यात व्हय लेकरू? मान सांभाळ त्याची! दुपटं कुठंय? तुला कितींदा सांगायचं?"

लेकरू गप झालं.

एकदम गप. हुंदका अर्धाच राहिला. मग त्यानं हळूहळू मान माझ्याकडं वळवली आन् ते काळेभोर डोळे किलकिले करून माझ्या तोंडाकडं बघाय लागलं.

"आजी, थांबू नका," सिस्टर म्हणली. "बोला."

"आता काय बोलू?"

"आत्ता बोलत होता तेच. आणि या बाजूला या."

मी दुसरीकडं गेले. सुरजला आणखी चार शब्द सुनावले. लेकराची मान माझ्यामागं वळली. सिस्टर हसली. "अहो, हा तुम्हाला ओळखतो. शेवटचे दोन-तीन महिने पोटात बाळाला ऐकू येतं. आईचा आवाज सगळ्यात जास्त, पण जवळचं कुणी मोठ्यानं बोललं तर तेही पोचतं. घरी कसला आवाज असतो सारखा?"

"गिरणीचा," मोनिका म्हणली. "आई, थाळी वाजवली, तुमी पातेलं आपटलं, तवा दर वेळंला गिरणी चालू व्हती."

मी कपाळावर हात मारला. बारा वर्सांत माझ्या कानाला ती गिरणी ऐकूच यायची बंद झालेली! लेकराला तर ती पोटातच सवयीची. त्या घरघरीत तो निवांत झोपायचा, आन् त्यात एक थाळी कमी काय, जास्ती काय.

मग सिस्टरनं मला खुर्ची दिली, आन् म्या सुरजला त्याच्या लहानपणापासनंच्या सगळ्या चुका एकेक करून सुनावल्या. चौथी चूक काढेपर्यंत लेकरू झोपलं. सगळे गप बसलो. नळी एका कानात गेली, मग दुसऱ्या कानात.

"दोन्ही कान चांगले आहेत, आजी."

मी तिथंच खुर्चीत रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता. मोनिकानं माझा हात धरला, तर मला आणखीच रडू आलं. "तुला लई बोलले गं मी," म्या म्हणलं. तिनं हात सोडला न्हाय.

येताना जीपमदी लेकरू कुरकुराय लागलं. कबूल केलेलं आठवलं, म्हणून म्या आवाज मऊ केला. "अरं माझ्या सोन्या, माझ्या राजा रं..." लेकरानं तोंड वाकडं केलं आन् जे भोकाड पसरलं! मोनिका खुदकन हसली. "आई, त्याला हा आवाज ठाव न्हाय."

आता आली का पंचाईत! देवीला शब्द दिलेला, आन् हिकडं नातू ऐकंना. घडीभर इचार केला. मग घसा खाकरला.

"ए मोनिके!" जीपभर आवाज घुमला. "सव्वा महिना गिरणीच्या उंबऱ्याला पाय लावलास तर याद राख! गप अंथरुणात पडायचं! पायलीभर डिंकाचे लाडू करून ठिवलेत, ते काय विमल खाणार हाय व्हय?"

लेकरू गप झालं, आन् आईच्या कुशीत झोपून गेलं.