अध्यक्षांचा व्हिडिओ सगळीकडे चालला

आमच्या डोंबिवलीतल्या वाचनालयाची साइट मी बनवलेली, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्ष प्रभाकर सोहोनींनी मलाच पकडलं. "ऐश्वर्या, हे माझं भाषण. अकराच मिनिटं आहे. सभासदाने साइट उघडली रे उघडली की मी सुरू झालो पाहिजे."

घरी येऊन ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मधेच गृहस्थ सांगतात, वरच्या मजल्यावरची अभ्यासिका बंद करून तिथे साखरपुडे-बारशांसाठी हॉल काढणार! आमच्या दीड खोलीत पाच माणसं आणि एक अखंड चालणारा टीव्ही. माझी धाकटी बहीण समीक्षा बँकेच्या परीक्षेसाठी दोन वर्षं त्याच अभ्यासिकेत बसतेय. पण म्हटलं, बरंच झालं. हे सगळ्यांनी ऐकलं की म्हातारा पडलाच.

व्हिडिओ साइटवर टाकला. क्रोममध्ये ढिम्म. फायरफॉक्समध्ये ढिम्म. आयफोनवर सफारीत नुसती काळी चौकट. न विचारता कुणाच्या कानाशी बोंबलायला ब्राउझर देत नाहीत हो. तेवढी लाज त्यांना आहे.

"काका, प्लेचं बटण ठेवू या. ज्याला ऐकायचंय तो दाबेल."

"आणि नाही दाबलं तर?"

"मग आवाज बंद ठेवून आपोआप सुरू करता येईल. आवाजाचं बटण कोपऱ्यात देते."

"छे छे, बटण नकोच! बटण दिसलं की लोक बंद करतात. कार्यकारिणीत ठराव झालाय."

खरंच झालेला! सूचक, अनुमोदक, सह्या, सगळं साग्रसंगीत. 'अध्यक्षांचा व्हिडिओ सर्व ब्राउझरमध्ये आपोआप चालावा व त्यावर कोणतेही बटण नसावे.' आवाजाबद्दल अवाक्षर नाही.

मग मीही चिडले. म्हटलं, घ्या! आवाज बंद केला, बटणं काढली, संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. सगळीकडे झकास चालला. काका हात नाचवतायत, बोट उगारतायत, आणि तोंडातून शब्द नाही. मी आणि समीक्षा पोट धरधरून हसलो. अभ्यासिकेचं तिला बोलले नाही. परीक्षा जवळ आलेली, उगाच टेन्शन कशाला? आणि असल्या मुक्या बाहुल्याला मत देणार कोण?

सगळ्यांनी दिलं. "किती शांत झालेत हो सोहोनी," वाचनालयातल्या सुमतीबाई मला कौतुकाने म्हणाल्या. "एरवी भाषण करून जीव नकोसा करतात."

निवडून आल्यावर पहिल्याच सभेत हॉलचा विषय निघाला. समीक्षा ताडकन उठली. "हे ठरलं कधी? आम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, जाहीर सांगितलं मी! महिनाभर साइटवर होतं. एकाचीही हरकत आली नाही." सोहोनींनी माझ्याकडे हात केला. "विचार तुझ्या ताईला. तिनेच लावलाय व्हिडिओ."

समीक्षा माझ्याकडे वळली. "ताई, हे बोललेले ते?"

"हो."

"तुला माहीत होतं, आणि आपण हसत बसलेलो?"