शेवंतीच्या नावापुढचा ठिपका

शेवंतीला कॉम्प्युटरची भीती नव्हती. भीती होती ती गुरुदास चेअरमनच्या डोक्याची. त्या डोक्यात नवीन काही शिरलं की वाडीतल्या कुणाच्या तरी पोटावर पाय यायचा, हे तिने उभ्या जन्मात पाहिलं होतं.

२००४ ची दिवाळी झाली आणि मालवणातल्या त्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. गुरुदासने त्याला हार घातला, समोरच नारळ फोडला, नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं आणि कीबोर्ड पूजेच्या दिवशीच वारला. दुसरा आणला तेव्हा नारळ बाहेर पायरीवर फोडला. मग सभासदांची यादी करायला समीक्षाला बसवलं. ही बाबली तांडेलाची मुलगी, कणकवलीला कोर्स करून आलेली. बाबली म्हणजे शेवंती ज्या रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायची, त्या रापणीचा म्होरक्या.

शेवंती नाव भरायला गेली ती बाजार आटोपून, रिकामी पाटी काखेत मारून. नाव सांगितलं, वय सात वर्षांनी कमी करून सांगितलं.

"काम?" समीक्षाने विचारलं.

"रापण ओढतंय आणि मासे इकतंय. आणखी काय, नाचतंय?"

समीक्षाचा चेहरा पडला. तिने पडदा शेवंतीकडे वळवला. कामासमोर तीन गोल बटणं होती: रापणकर, मासेविक्रेता, पदाधिकारी. तिने पहिल्यावर टिचकी मारली, काळा ठिपका उमटला. दुसऱ्यावर मारली, तर ठिपका तिथे आला आणि पहिलं गोल रिकामं झालं.

"पयल्यातलो खंय गेलो?"

"काकी, ह्या गोल बटणांत एकच रवता. एक भरला की दुसरा आपसूक रिकामा होता. मी आधी चौकोनी केललंय, तेंच्यात हवे तितके टिक मारूक येतत. पण चेअरमन म्हणाले, एका माणसाचा एकच काम. शिस्त व्हयी."

आणि यादीत जे छापलं जाईल त्याप्रमाणेच बाजारातले ओटे नि रापणीच्या मासळीतले वाटे राहणार होते. रविवारच्या सभेत ते पक्कं व्हायचं होतं.

शेवंतीने काय ते ओळखलं. बाजारात दाराजवळचा ओटा तिचा, सासूपासून आलेला, आणि चेअरमनची मेहुणी आनंदी वर्षभर त्या ओट्यावर डोळा ठेवून होती. वाटा मात्र नवऱ्याचा. सहदेव गेला आणि तेरावं उरकल्यावर शेवंती जाऊन त्याच्या जागी दोरीला उभी राहिली. दोरी धरणाऱ्या बाईचा वाटा कुणी काढून घ्यायचा नाही, असा रापणीचा रिवाज होता. सतरा वर्षं ती ओढत होती, आणि सतरा वर्षं बाबली वाळूवर वाटे घालताना हाक मारायचा ती 'सहदेवाचो वाटो' अशीच. मेलेला माणूस मासे कमावत होता आणि जिवंत बाई नुसती पाटी धरत होती. आता वाटा सोडावा तर ओट्यावर मांडायचं काय? आणि ओटा सोडावा तर वाटा काय मांजरांना घालायचा?

"माझा आता भरू नको," ती समीक्षाला म्हणाली. "सभेत भरूया."

दोन दिवस तिने बाजारात कुणाशी भांडण काढलं नाही. वाडीला वाटलं, म्हातारी आजारी आहे.

रविवारी कचेरी खच्चून भरली. गुरुदास कचेरीत शुद्ध मराठी बोलायचा. "सभासदहो, यापुढे वशिला चालणार नाही. एक माणूस, एक काम. यादीत छापलं जाईल ते अंतिम."

शेवंती उठली. "बरा सांगलास. मगे पयलो मान चेअरमनांचो. तेंचाच नाव आधी भरा, सगळ्यांच्या समोर."

मान म्हटला की गुरुदास आंधळा व्हायचा. देवळातला प्रसाद पहिला त्याला, पालखीला खांदा पहिला त्याचा. कॉलर सारखी करून तो कॉम्प्युटरसमोर असा बसला की जणू फोटोच काढायचाय. समीक्षा शेजारी माउस धरून बसली, सगळे मागे दाटीवाटीने उभे राहिले.

"काम?"

"पदाधिकारी," त्याने खणखणीत सांगितलं. ठिपका पडला.

"आणि रापणीतलो वाटो?" शेवंतीने विचारलं.

गुरुदासचा वाटा बापापासूनचा होता. दोरीला तो वर्षातून दोनदा बोटं लावायचा. "तो आहेच की. लाव गं तोही."

समीक्षाने रापणकर दाबलं. पदाधिकारी रिकामं झालं.

"चेअरमन गेलो," मागून कुणीतरी शांतपणे कळवलं, आणि कचेरी हसून लोळायची बाकी राहिली.

गुरुदासने माउस हिसकावून घेतला. हे दाबलं, ते दाबलं. चपळाई केली तर दोन्ही राहतील असं त्याला वाटत असावं. पाच मिनिटांत तो दहा वेळा चेअरमन झाला आणि दहा वेळा पडला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मग कोरं ठेव. नंतर बघू."

"कोरं होत नाही, साहेब. एकदा ठिपका पडला की तीनातल्या एकात राहतोच."

"मगे ठरवा," शेवंती म्हणाली. "खुर्ची की वाटो? छापला ता अंतिम, तुम्हीच सांगलास."

"वाटो सोडलास तर माका सांगा," बाबली मागूनच बोलला. "दोन बोटां कमी होतली, दुसरा काय."

गुरुदासने खुर्चीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. त्याची शुद्ध मराठी तिथेच संपली.

"चौकोनी कर गो."

"पण शिस्त..."

"खड्ड्यात घाल ती शिस्त. चौकोनी कर म्हणतंय मां."

समीक्षाने जुना फॉर्म जपून ठेवलाच होता. चहा येईपर्यंत गोलांचे चौकोन झाले. गुरुदासच्या नावापुढे दोन टिक पडले. मग शेवंतीने बांगड्याचा वास लागलेला हात माउसवर ठेवला आणि स्वतःचे दोन टिक स्वतः मारले.

"काकी, वाटो कोणाच्या नावान घालू?" समीक्षाने विचारलं.

शेवंतीचे डोळे भरून आले, त्याचा तिला रागच आला.

"शेवंतीच्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढून झाली. वाळूवर बांगड्यांचे ढीग पडले. बाबलीने सवयीप्रमाणे हाक मारली, "सहदेवाचो वाटो."

शेवंती पाटी घेऊन समोरच उभी होती. ती हलली नाही. बाबलीने पुन्हा हाक दिली. ती समुद्राकडे बघत राहिली. तेव्हा कुठे त्याने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"शेवंतीचो वाटो," तो म्हणाला.

तिने पाटी पुढे केली.

"जोरान सांग," ती म्हणाली. "मागच्यांक ऐकाक गेला नाय."