एक घर चुकलेली किटली

गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक विक्रीच्या गाद्यांवरच बसले होते, आणि गाद्यांचं प्लॅस्टिक काढलेलं नसल्यामुळे कुणी जरा हललं की अख्खी भक्ती चर्रर्र वाजायची. समोर सगळ्यात जाड गादीवर किटलीबाबा, मांडीवर शाल, डावा हात शालीखाली. त्यांच्या पुढ्यात स्टुलावर तांब्याची किटली. चहा न देणारी, पण बोलणारी.

"ब्रह्मांडाच्या लहरी झाकणातून आत!" बाबा गरजले. "ज्ञान तोटीतून बाहेर! मग मध्ये मी कोण?"

"मूठ!" गर्दी ओरडली. रोजची सवय होती.

"नुसती मूठ, बाळांनो! धरणारा तो!"

मागच्या रांगेत, खिडकीशी, गुंडीची आई बसली होती. मांडीवर गुंडी: अडीच वर्षांची, गालावर बिस्किटाचा चुरा, डोळे शर्टाच्या गुंडीसारखे गोल, आणि तोंडात अजून एकही शब्द नाही. शेजारी सासूबाई, चष्मा पुसपुसून तयार.

उद्या सकाळी गुंडीच्या कानांची तपासणी होती. किती खेपा घालून मिळालेली वेळ! पण गेल्या वेळी हीच किटली म्हणाली होती, "औषध थांबव, यंत्र लांब ठेव, माझं पाणी दे." तेव्हापासून सासूबाई अडून बसल्या होत्या. पोरीच्या कानाला यंत्र लागणार नाही म्हणजे नाही. नवरा "आईचं मन मोडवत नाही गं" म्हणत कामावर सटकला होता. शेवटी तडजोड ठरली. आज किटलीला पुन्हा विचारायचं. हो म्हणाली तर तपासणी, नाही म्हणाली तर नाही.

"म्हणजे आपल्या पोरीचे कान आता किटली ठरवणार," गुंडीची आई पुटपुटली.

"हळू बोल! ती ऐकते."

"किटली ऐकते हो, आई. गुंडी ऐकते का ते बघायचंय."

आधी एक बाप उठला. "मुलीचं लग्न कधी जमेल?"

किटली खरखरली आणि खोल आवाजात म्हणाली, "बाळांनो, या, तुमचं स्वागत आहे!"

बाप गोंधळला. बाबाही क्षणभर गोंधळले. "आधी स्वागत, मग लग्न! पुढचा!"

टाय लावलेला एक तरुण पुढे आला. "बाबा, नोकरी कधी लागेल?"

"उत्तरेकडून मिशीवाला नवरा येतोय," किटली म्हणाली. "नाही म्हणू नकोस."

गाद्यांचं चर्रर्र थांबलं. "मला?" तरुणानं विचारलं.

"गूढ आहे, बाळा!" बाबांनी कपाळ पुसलं. "नवरा म्हणजे मालक! नोकरी म्हणजे दुसरं काय, लग्नच की!"

"वाऽऽ!" गर्दी डोलली. तरुण मात्र दाराकडे बघत खाली बसला.

मग सासूबाई उठल्या. "माझी नात बोलत नाही हो. तिच्या कानांची तपासणी करू का?"

शालीखाली काहीतरी हललं. किटली म्हणाली, "साहेबांच्या डोळ्यांत भरशील. बढती पक्की."

"कुणाला बढती? अडीच वर्षांची आहे ती!"

"मोठी होईल तेव्हा!"

"आणि तपासणी?"

"पुढचा!"

सासूबाई मटकन बसल्या. पण गुंडीच्या आईला आतून हसू फुटायला लागलं होतं, कारण हा घोळ तिच्या ओळखीचा होता. अगदी घरचाच.

गुंडी दुपारी झोपली की ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक खेळणं जोडत बसायची. चिमुकला सर्किट बोर्ड, स्पीकर, आवाज साठवायला मेमरी कार्ड, आणि प्राण्यांची चित्रं चिकटवलेली बटणं. त्या खेळण्यानंच तिला शंका आली होती: हत्तीच्या आवाजाला गुंडी खिदळायची, चिमणीला ढिम्म. मध्यंतरी तिनं कार्ड पुसून सगळे आवाज पुन्हा भरले, सोबत एक नवा कोंबडा. आणि काय सांगावं! गाईचं बटण दाबलं तर कोंबडा आरवला, कुत्र्याचं दाबलं तर गाय हंबरली. सगळी जत्रा एक घर सरकली. खूप डोकं खाजवल्यावर तिला उमगलं की तुम्ही फायलींना कितीही नीट नंबर द्या, ते येडं यंत्र नावं वाचतच नाही. कार्डात जो आधी शिरला तो पहिला! आणि कोंबडा आधी शिरला होता.

इथे किटलीत 'स्वागत' आधी शिरलं होतं. गेल्या खेपेला ते नव्हतंच. आता लग्नाला स्वागत, नोकरीला लग्न, आजाराला नोकरी.

तेवढ्यात एक कुलूपवाला उठला. "बाबा, दुकानाच्या किल्ल्या हरवल्यात."

"कुलूपवाल्याच्या?" मागून कुणीतरी खुसखुसलं.

गुंडीची आई सासूबाईंच्या कानाशी वाकली. "आता 'औषध थांबव' म्हणेल."

"औषध थांबव," किटली म्हणाली. "यंत्र लांब ठेव, माझं पाणी दे."

सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "तुला गं कसं कळलं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. एक जोडपं हात जोडून उभं होतं. "बाबा, आम्हाला मूल कधी होईल?"

हरवलेल्या वस्तूचं उत्तरही तिनं गेल्या खेपेला ऐकलं होतं. आता तिला राहवलं नाही. गुंडीला कडेवर घेऊन ती ताडकन उभी राहिली. "पलंगाखाली शोध, म्हणेल बघा!"

"पलंगाखाली शोध," किटली गंभीरपणे म्हणाली.

मग अशी काही हसण्याची लाट उठली की गाद्या थरथरल्या. त्या जोडप्यातला नवरा खरोखरच वाकून बघत होता, आणि बायको त्याला कोपरानं ढोसत होती. "उठा हो, उठा!"

पण हसणं विरायच्या आत कुणीतरी किंचाळलं, "बाईंना आधीच कळलं! बाई अंतर्ज्ञानी!"

झालं! लोक वळले. एक आजी तिच्या पायांवर वाकली. गुंडीच्या बिस्किटाचा चुरा एकानं प्रसाद म्हणून टिपला. आणि सासूबाई, रोज भाजीत मीठ कमी म्हणणाऱ्या सासूबाई, हात जोडून म्हणाल्या, "अगं, तूच सांग. तपासणी करू का?"

एक 'हो' पुरला असता. डोळे मिटून, आवाज जाड करून एक 'हो', की उद्या गुंडी दवाखान्यात. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. तिनं गुंडीकडे पाहिलं. आज माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तर परवा दुसऱ्या किटलीवर ठेवतील. आणि तेव्हा मी शेजारी नसेन.

"आजी, उठा आधी. मला काही दिसत नाही, कळत नाही," ती म्हणाली. "माझं ऐकूच नका. किटली उघडून बघा."

"किटलीला हात लावू नका!" बाबा ओरडले. "कोप होईल!"

"किल्ल्या हरवल्यात," कुलूपवाला म्हणाला, "पेचकस नाही." त्यानं किटली उलटी केली आणि बुडाचे स्क्रू काढायला घेतले.

बाबा पळाले. पण गाद्यांवर कोणी पळू शकतं का? पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले, दुसऱ्याला उसळले, तिसऱ्याला प्लॅस्टिकवरून सुर्रकन घसरत दुकानदाराच्या पायाशी. शाल सुटली, मांडीवर बिनतारी बटणांची पट्टी बांधलेली होती. "माझ्या गादीवर बसून मलाच गंडवलंस होय रे?" दुकानदारानं त्यांची कॉलर धरली.

किटलीचं बूड निघालं. आत बॅटरी, स्पीकर, सर्किट बोर्ड, आणि त्यात खोचलेलं नखाएवढं कार्ड. गुंडीच्या आईनं ते काढलं. "दाबा आता बटण." टायवाल्यानं दाबलं. किटली मुकी. तिनं कार्ड पुन्हा खोचलं. "उत्तरेकडून मिशीवाला नवरा येतोय," किटली म्हणाली. मग काय विचारता! बटण दाबायला रांग लागली. सासूबाईंनी दोनदा दाबलं.

"एवढ्याशा कार्डात देव मावतो होय?" त्यांनी विचारलं.

"देवाचं माहीत नाही, आई. बाबांचा आवाज मात्र मावतो. आणि त्याला गुंडी कोण हेही ठाऊक नाही."

सासूबाईंनी तिसऱ्यांदा बटण दाबून पाहिलं. मग नातीचा गाल पुसत म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"

दवाखान्यात तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी आलेख समोर ठेवला. गुंडीला जाड आवाज येतात, बारीक आवाज पोचत नाहीत. श्रवणयंत्र लावावं लागेल, शिकवावं लागेल, बोलायला वेळही लागेल.

"रागावू नका," सासूबाई म्हणाल्या, "पण तुमचं यंत्र खरं बोलतंय कशावरून?"

गुंडीच्या आईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. डॉक्टरबाई मात्र खुर्ची ओढून म्हणाल्या, "छान विचारलंत. बसा. तुमचेच कान तपासू. तुम्हाला काय ऐकू येतं ते तुम्हालाच ठाऊक. जुळतंय का तुम्हीच ठरवा."

सासूबाई हेडफोन लावून ताठ बसल्या. पीं वाजलं की बोट वर. पडद्यावर रेघ त्यांच्या बोटाबरोबर पुढे सरकत होती. एकदा त्यांनी मुद्दाम ऐकूनही बोट वर केलं नाही. रेघ एकदम खाली घसरली. "याहून हळू आवाज मघाशी ऐकलात की!" डॉक्टरबाई हसल्या. "लबाडी पकडतं!" त्या खूश झाल्या. आईच्या मांडीवरून गुंडीही आजीचं पाहून बोट वर करत होती. पीं वाजो न वाजो, नुसत्या मजेनं.

"जुळतंय," सासूबाईंनी हेडफोन काढला. "बसवा पोरीला यंत्र."

एवढंच तर करायचं असतं. किटली असो, बाबा असो, डॉक्टर असो, नाहीतर आपली सून. कशावरून, असं विचारायचं. जो खरा आहे तो खुर्ची ओढून देतो, जो खोटा आहे तो हात लावू देत नाही. उघडून बघावं, पडताळून घ्यावं, आणि मगच आपल्या लेकराचा कान कुणाच्या हाती द्यावा.